उलाळ गाडी आणि तिचे अलंकार

बैलगाडीत आसाच्या मागे ओझे जास्त झाले की गाडी मागे कलते, जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्यातली जोती आवळतात आणि बैल रस्ता सोडून आकाशाकडे बघू लागतात. गाडीच्या या अवस्थेला ‘उलाळ’ म्हणतात. शब्द बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, काळातला आहे. भंडारा जिल्ह्यात बंड्या कमी होत चालल्या तसा तोही विस्मरणात जायचा. पण तेवढ्यात मागे लोखंड लटकवलेल्या जीपगाड्या आल्या आणि शब्दाला नवे काम मिळाले. फरक एकच. बंडी उलाळ झाली की बैल जागच्या जागी सांगतो. जीप उलाळ झाली की मालकाला ते कळायला सहा महिने आणि दोन मोडके पाटे लागतात.

या विषयाचा अभ्यास कमानीपासून सुरू करावा लागतो. बंडीला कमान नसते. तिथे धक्के सोसण्याची सोय बसणाऱ्याच्या कमरेत असते. मोटारीत ती चाक आणि चासी यांच्या मध्ये असते. कमानीच्या मुख्य जाती दोन. एक पाट्यांची: पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचून मधोमध बोल्टने आवळलेल्या. दुसरी गुंडाळलेल्या तारेची, म्हणजे स्प्रिंग. जिप्सीला चारही चाकांशी पाटे, बोलेरोला मागे पाटे, २०१० साली आलेल्या थारलाही मागे पाटेच होते. २०२० च्या थारला मागेही स्प्रिंगा आल्या आणि जुन्या मालकांनी गाडी बिघडली असे जाहीर केले. पाट्याच्या पोलादात सिलिकॉन आणि मँगनीज मिसळलेले असते, त्यामुळे पाटा वाकतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. मँगनीज म्हटले की तुमसर तालुका आलाच. तिथल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी देशात नावाजलेल्या. पैकी डोंगरी बुजुर्गचे मँगनीज बॅटरीच्या सेलांसाठीही जाते. तेव्हा कमानीचा पाटा हा जिल्ह्याचा नातेवाईक आहे, आणि पाटा मोडल्यावर अंधारात गाडीखाली शिरताना लागणारी टॉर्चसुद्धा.

कंपनीचा अभियंता कमान ठरवतो तेव्हा चालक, शेजारी एक, मागे दोघे-तिघे आणि चार पिशव्या एवढा संसार डोळ्यांपुढे ठेवतो. कमान मऊ ठेवली तर भरलेली गाडी बसते. कडक ठेवली तर रिकामी गाडी उडते. कारखान्यातून निघालेली कमान हा या दोन तक्रारींमधला तह असतो. तो मोडायला कार डेकोरचे एक दुकान पुरते.

अलंकारांचा क्रम सहसा स्टेपनीपासून सुरू होतो. वेल्समधल्या लनेली गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाकाचा धंदा सुरू केला. धंदा केव्हाच संपला, इंग्रज तो शब्द विसरले, पण भारतातल्या पंक्चरवाल्यांनी तो रस्ता अजून सांभाळून ठेवला आहे. मागच्या दरवाज्यावर टांगलेली कंपनीची स्टेपनी कमानीच्या हिशेबात धरलेली असते. मालक मात्र चारही टायर मोठे घालतो. मग स्टेपनीही मोठी हवी. मोठी स्टेपनी दरवाज्याच्या बिजागऱ्यांना पेलवत नाही, म्हणून तिला वेगळा लोखंडी हात. हात कशाला तरी जोडायला हवा, म्हणून जाड पत्र्याचा बंपर. बंपरच्या एका बाजूला स्टेपनी आली की दुसरी बाजू मोकळी दिसते, म्हणून तिथे जेरीकॅन. एक जेरीकॅन शोभत नाही, म्हणून दोन. प्रत्येक पायरी तर्काला धरून आहे. एकाही ठिकाणी मालकाला वेड लागलेले दिसत नाही.

जेरीकॅनला तीन मुठी का असतात हे सांगणारा मालक क्वचित भेटतो. हा डबा १९३० च्या दशकात जर्मन सैन्यासाठी घडवला गेला. भरलेला एक डबा दोघांनी उचलावा, रिकामे दोन डबे एकाने एका हातात धरावेत, अशी ती सोय. इंग्रज सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणत, म्हणून डबाही जेरी. वाळवंटातल्या लढाईत त्याने नाव काढले. भंडारा ते साकोली हे अंतर सुमारे ४० किलोमीटर, रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३, आणि दर थोड्या अंतरावर पेट्रोल पंप. त्यामुळे डबा रिकामाच राहतो. रिकामा डबा खडखडतो, म्हणून त्यात पाणी भरले जाते. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, डब्यासह पंचवीसच्या घरात. दोन डब्यांचे पन्नास. हे पाणी कोणी पीत नाही, रेडिएटरलाही लागत नाही. आवाज बंद करणे एवढेच त्याचे काम.

पुढे शिडी येते. ती टपावर चढण्यासाठी असते. टपावर चढायचे कारण तिथले कॅरिअर, आणि कॅरिअरवर ठेवायचे काय, तर शिडीने वर नेलेली दुसरी स्टेपनी. चार फुटी उंच जॅक, वजन १३ किलोच्या आसपास, तोही मागेच आडवा अडकवलेला असतो. त्याच्या शेजारी चामड्याच्या पट्ट्याने आवळलेले, रंगाचा टवकाही न उडालेले फावडे. आसपासच्या गावांत झिजून अर्धी झालेली फावडी दिसतात. हे फावडे त्यांच्यात उभे केले तर नवरदेव वाटेल. आत सीटमागे बूफरची पेटी. वर काचेवर दादा, साहेब किंवा कुलदैवत यांपैकी ज्याचा वट असेल त्याचे स्टिकर. स्टिकरचे वजन शास्त्रात शून्य आहे, नाक्यावर बरेच भरते.

हे सगळे मागेच का, याला एक सरकारी कारणही आहे. गाडीच्या तोंडाशी बसवल्या जाणाऱ्या लोखंडी क्रॅशगार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले. ते योग्यच होते. त्या लोखंडाने पायी चालणाऱ्याचे हाड जास्त मोडते आणि गाडीच्या एअरबॅगचाही अंदाज चुकू शकतो. पण हौस ही पाण्यासारखी असते. पुढे बांध घातला की मागून वाट काढते. शिवाय पुढचा अलंकार समोरून येणाऱ्याला क्षणभर दिसतो. मागचा अलंकार रेल्वे फाटकावर रांगेत अडकलेल्या माणसाला दहा मिनिटे निवांत वाचता येतो.

आता हिशेब. २०२० च्या थारच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर २४५० मिलिमीटर आहे. समजा बंपर, त्याचा हात, डबे आणि जॅक मिळून १०० किलो झाले, आणि ते मागच्या आसापासून ९८० मिलिमीटर मागे लटकले. मागचा आस इथे सी-सॉच्या मधल्या खुंटीसारखे काम करतो. मागच्या चाकांवर १०० नाही, १४० किलो वाढतात. वरचे ४० किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. दुकानदाराने पैसे शंभर किलोचे घेतले, गाडीला भार एकशे चाळीस किलोचा बसला. ४० टक्के व्याज, तेही पहिल्याच दिवशी. तेच १०० किलो पुढच्या-मागच्या आसांच्या बरोबर मधे ठेवले असते तर दोन्हीकडे पन्नास-पन्नास झाले असते, पण तिथे माणसे बसतात आणि अलंकार दिसत नाहीत. तणसाची बंडी भरणाऱ्याला हे गणित कुणी शिकवलेले नसते. तो पेंढ्या आधी पुढे रचतो, मग मागे, अधूनमधून जू हाताने उचलून पाहतो, आणि शेवटी स्वतः पुढच्या टोकाला जाऊन बसतो. त्याचे स्वतःचे वजनसुद्धा हिशेबात असते.

जेवढे ओझे तेवढी कमान दबते, हा नियम रॉबर्ट हूकचा. त्याने तो १६७६ मध्ये छापला, पण अक्षरांची उलटापालट करून, म्हणजे कुणाला वाचता येऊ नये असा. दोन वर्षांनी त्याचा अर्थ उघड केला. कार डेकोरच्या धंद्यात तो अजून उघड झालेला नाही. समजा दर पाच किलोला कमान एक मिलिमीटर दबते. मागे १४० किलो म्हणजे २८ मिलिमीटर खाली. पुढून ४० किलो गेले म्हणजे ८ मिलिमीटर वर. एकूण कल ३६ मिलिमीटरचा, जेमतेम दोन बोटे. डोळ्याला फार दिसत नाही. हेडलाइटला दिसतो.

डिपरचा उजेड थोडा खाली झुकवलेला असतो, साधारण शंभर मीटरवर एक मीटर. दोन बोटांच्या कलाने तोच उजेड शंभर मीटरवर सुमारे दीड मीटर वर जातो. म्हणजे रस्त्यावर पडायचा तो समोरच्या ट्रकच्या काचेवर आणि पुढे मोहाच्या शेंड्यावर पडतो. धानाची पोती घेऊन येणारा ट्रकवाला डिपर मारतो. जीपवाला डिपरवरच असतो, म्हणून तो रागाने अप्पर मारतो. ट्रकवाला मग त्याच्या ठेवणीतल्या भाषेत काहीतरी बोलतो, पण तोवर दोघे एकमेकांना ओलांडून गेलेले असतात. या दुखण्यावर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवरच औषध असते: ० ते ३ आकड्यांची एक छोटी चकती, मागे ओझे वाढले की उजेड खाली आणणारी. ती चकती एसीची आहे असा अनेकांचा समज आहे. फिरवून गार हवा आली नाही म्हणून ती बिघडलेली ठरते.

उलाळ गाडीची बाकीची लक्षणे मालक सुरुवातीला कौतुकाने सांगतो. स्टेअरिंग हलके झाले म्हणतो. हलके होणारच, पुढच्या चाकांवरचे ओझे गेले आहे. गाडी मागून गुबगुबीत चालते म्हणतो. तेही खरे, दबलेल्या कमानीवर वजन वाढले की लहान खड्डे कमी जाणवतात. हा सुखाचा काळ पहिल्या मोठ्या गतिरोधकापर्यंत टिकतो. तिथे कमानीची शिल्लक चाल संपते, आस वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटतो आणि मागच्या सीटवरच्या आजीबाई पहिल्यांदा गाडीबद्दल मत देतात. महामार्गावर वेग वाढला की मागचा भाग पाळण्यासारखा वरखाली होऊ लागतो, कारण शॉकअप कंपनीच्या वजनासाठी बनवलेले. जास्तीच्या वजनाचे हेलकावे आवरता आवरता त्यांतले तेल तापते. ब्रेकचा मोठा वाटा पुढच्या चाकांकडे असतो आणि त्याच चाकांची जमिनीवरची पकड कमी झालेली असते. हे लक्षण कौतुकाचे नाही. ते पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर, समोर गुरे असताना दिसते.

ज्या कामासाठी हे सगळे लोखंड लावले, त्या कामात ते कसे वागते हे पाहायचे तर आषाढात बांधीजवळ जावे. रोवणी चालू असते. चिखलणी झालेल्या बांधीत गुडघाभर गाळ, बायांची ओळ पऱ्हे लावत मागे सरकत असते, आणि धुऱ्यालगतच्या पांदणीतून जीप येते. पांदण संपून तलावाची पाळ चढायची असते. जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव भरपूर, त्यांना लोक मामा तलाव म्हणतात, आणि त्यांच्या पाळी उभ्या चढाच्या. सपाटीवर मागच्या आसामागे असलेले वजन चढावर आणखी मागे खेचते. पुढची चाके जमिनीला नुसता हात लावतात. चालक स्टेअरिंग वळवतो, गाडी सरळ जाते. मागचे टोक खाली बसलेले असल्याने पाळीच्या पायथ्याशी बंपर मातीत घुसतो आणि तास पाडत जातो. नांगराच्या हिशेबाने खोली चांगली असते. गाडी थांबते. रोवणीवाल्या बायांपैकी एक कंबर सरळ करून बघते.

“का जी, येतच रोवता का तिले?”

नवे फावडे पट्ट्यातून सोडवायला दहा मिनिटे लागतात, कारण पट्ट्याचे बक्कल गंजलेले असते. उंच जॅक लावला तर त्याचा पाया चिखलात शिरतो आणि गाडी जागच्या जागी राहून जॅकच खाली जातो. शेवटी चिखलणीच्या लोखंडी केजव्हीलांसकट ट्रॅक्टर येतो. त्याला बूफर नसतो, शिडी नसते, फावडे नसते. मागे एक हुक असतो. दोरखंड बांधून तो जीप उलटी ओढतो, आणि ओढल्यावर सर्वांत आधी मोकळे होतात ते जेरीकॅन. एक तलावात जातो. त्यात पाणीच असल्यामुळे तोटा होत नाही.

मागे वजन घेऊन चालणाऱ्या गाड्या जिल्ह्याला नव्या नाहीत. काळी-पिवळी जीप वर्षानुवर्षे तेच करत आली. तिच्या मागच्या पायरीवर उभे राहून दांडीला धरलेली तीन-चार माणसे ही तिची मागची ॲक्सेसरी. शिवाय टपावर पोती, कोंबड्यांची टोपली, कुणाच्या तरी लग्नाचे कपाट. पण काळी-पिवळीचा चालक आपल्या शेजारी तिघांना आणि जमल्यास आपल्या उजव्या हातालाही एकाला बसवून स्वतः निम्मा बाहेर बसतो. त्यामुळे ती क्वचितच उलाळ होते. ती चहूकडून सारखीच बसते. तिच्या मालकाने पहिल्याच महिन्यात पाटे वाढवून घेतलेले असतात, कारण त्याला पाट्यावर पोट भरायचे असते, मिरवायचे नसते. काळी-पिवळी कायद्याने बरोबर आहे असे कुणी म्हणणार नाही. वजनाच्या बाबतीत मात्र तिच्या मालकाच्या मनात गोंधळ नाही.

सफारीच्या जिप्सीचा अभ्यास तर सगळ्यांनी करावा. १९८५ मध्ये आलेली, २०१८-१९ मध्ये सामान्य ग्राहकांना मिळायची थांबलेली ही गाडी नागझिऱ्याच्या पिटेझरी फाटकावर आणि कोका अभयारण्यात भरवशाची मानली गेली. तिचे स्वतःचे वजन जेमतेम एक टन. त्यावर मागे उंच बाके बसवून सहा पर्यटक, पुढे चालक आणि गाइड, म्हणजे गाडीच्या अर्ध्या वजनाचा ऐवज तिच्यावर चढतो, आणि त्यातला बहुतेक मागच्या आसाच्या आगेमागे. शिवाय हे ओझे जागेवर राहत नाही. वाघ डावीकडे दिसला की साहीच्या साही पर्यटक डावीकडे झुकतात, आणि कमानीला उभ्याबरोबर आडव्याचाही विचार करावा लागतो. जुना चालक सकाळी फाटकावर माणसे भरताना एकदा सर्वांवरून नजर फिरवतो आणि सर्वांत धिप्पाड पाहुण्याला अदबीने म्हणतो, “साहेब, तुम्ही समोरच्या बाकावर बसा जी, समोरून चांगलं दिसते.” पाहुणा खूश होतो. पाटेही.

याच्या अगदी उलट टोकाला शंकरपटाचा छकडा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बंद पडलेल्या बैलांच्या शर्यती २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या, २०२३ मध्ये घटनापीठानेही त्यांना मान्यता दिली, आणि पटाच्या दाणीवर पुन्हा गर्दी होऊ लागली. तो छकडा म्हणजे दोन चाके, एक दांडी आणि देवावर भरवसा. त्यावरचा माणूस पायातल्या चपलासुद्धा काढून ठेवतो. पट पाहायला आलेल्या जीपगाड्या मैदानाच्या कडेला, शिड्या, डबे आणि फावड्यांसकट, एका ओळीत मागे टेकून बसलेल्या असतात.

गाडी खरोखर किती उलाळ आहे हे मोजायचे साधन जिल्ह्यात दर चार-पाच कोसांवर आहे, ते म्हणजे भातगिरणीजवळचा धरमकाटा. रीत सोपी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यायची आणि आकडा लिहायचा; मग पूर्ण गाडी; मग पुढची चाके उतरवून फक्त मागची. धान विकायच्या दिवसांत यासाठी ट्रॅक्टरच्या रांगेत उभे राहावे लागते आणि पुढचा-मागचा प्रत्येक जण वळून विचारतो, गाडीत काय आहे. काट्यावरचा पोरगा खिडकीतून डोके बाहेर काढतो.

“मालात काय लिहू जी?”

“माल नाही. गाडीच मोजायची आहे.”

“रिकामी?”

“रिकामीच.”

पोरगा आकड्याकडे बघतो, गाडीकडे बघतो, पुन्हा आकड्याकडे बघतो आणि मालाच्या रकान्यात ‘लोखंड’ लिहितो. चिठ्ठीवरचे वजन आरसी कार्डावरच्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहिले की मालकाचे पहिले मत काटा खराब आहे असे होते. पुढच्या चाकांचा आकडा पाहून ते पक्के होते: इतके लोखंड लावूनही पुढचे वजन घटेलच कसे? रांगेतला ट्रॅक्टरवाला, ज्याने आयुष्यात बंडी हाकली आहे, एवढेच म्हणतो, “मांगून उलाळ हाय ना भाऊ.”

मग गॅरेज. मिस्त्री गाडीखाली जात नाही. तो मागच्या बंपरवर पाय देऊन एकदा दाबतो, सोडतो आणि गाडी किती वेळा वरखाली होते ते मोजतो. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप जिवंत. तीन-चार वेळा झुलली तर गेलेला. या परीक्षेला दोन सेकंद लागतात. पुढचा अर्धा तास निदान ऐकून घेण्यात जातो.

“पाटा टाका जी एकेक.”

“टाकतो ना भाऊ. मंग रिकामी असली का उडन.”

मिस्त्रीचे म्हणणे बरोबर आहे. पाच पाट्यांच्या कमानीत तेवढ्याच जाडीचा सहावा टाकला की कडकपणा सुमारे एक पंचमांश वाढतो; कुणी हौशीने दुप्पट जाडीचा टाकला तर तो एकटाच आठ पाट्यांचे काम करतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. मग बाकीचे पाच पाटे बसून खातात आणि एक दिवस तो एकटा मोडतो. एकत्र कुटुंबात असे प्रकार पाहायला मिळतात. स्प्रिंगची गोष्ट याहून नाजूक. तार दहा टक्के जाड झाली की स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक होते, म्हणून ‘थोडी जाड’ असा शब्द तिथे वापरू नये. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर अडकवणे हा स्वस्त इलाज. त्याने काही वेढे कामातून जातात आणि उरलेल्यांवर भार येतो. स्प्रिंगखाली चकती ठेवून गाडी उचलणे हा त्याहून स्वस्त. त्याने गाडी उंच दिसते, पण मऊपणा तोच राहतो. जाड सोलची चप्पल घातल्याने गुडघेदुखी जात नाही, तसे. वजन कायम राहणार असेल तर खरा मार्ग एकच: त्या वजनासाठी बनलेल्या कमानी, त्यांना जुळणारे शॉकअप, आणि शेवटी हेडलाइट पुन्हा भिंतीसमोर लावून बसवणे. यातला शेवटचा भाग कुणी करत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालणार नाही असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. अलंकार मोजण्याची हौस आता सरकारलाही आहे. फेरफार कशाला म्हणायचे आणि शोभा कशाला, यावर भंडाऱ्याच्या एमएच-३६ क्रमांकाच्या गाड्यांभोवती रस्त्याच्या कडेला बराच शास्त्रार्थ होतो, आणि त्यात फावडे ही शोभा आहे यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते.

शेवटी बहुतेक गाड्या मूळ रूपावर येतात. उतरवलेले अलंकार वाया जात नाहीत. शिडी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लागते आणि तिथे तिचा पहिल्यांदा उपयोग होतो. उरलेला जेरीकॅन शेतावरच्या डिझेल पंपाकडे जातो, म्हणजे पुन्हा मूळ धंद्याला. उंच जॅक ट्रॉलीचे चाक बदलायला उत्तम. तो शेजारी मागून नेतात आणि परत करत नाहीत. फावड्याचा रंग पहिल्याच आठवड्यात उडतो. राहतो तो बंपर. तो घरात कशालाच लागत नाही, दारात ठेवला तर पोरे त्यावर आपटतात, आणि ज्या दुकानातून आणला ते दुकान घेतलेला माल परत घेत नाही, तशी पाटीच तिथे लावलेली असते. वर्षभराने भंगारवाला येतो. तो बंपर काट्याला अडकवतो आणि घेताना दुकानात ज्याची चौकशी कुणी केली नव्हती ते वजन उघड्यावर, चार माणसांदेखत, किलोत सांगतो. मालकाला ते पटत नाही. काटा मारलाय, याचे वजन याहून कितीतरी जास्त आहे, हवे तर धरमकाट्याची चिठ्ठी दाखवतो, असे म्हणत तो घरात चिठ्ठी शोधायला जातो.